ठिपक्यांच्या रांगोळीत सापडलेला देव

दर गुरुवारी सकाळी आठलाच बंदरवाडीच्या मांगरासमोर चपलांचा असा ढीग पडायचा, की माघारी जाताना निम्मी वाडी दुसऱ्याच्याच चपला घालून जायची. मांगर म्हणजे काय, तर गवत आणि झावळ्या ठेवायची कौलारू खोपी. पण त्या मे महिन्यात तिथे गवत नव्हतं, देव होता. देव बोलत होता. आणि तो बोलत होता भजनाला कर्णा लावणाऱ्या गुरुदासच्या अ‍ॅम्प्लिफायरमधून, हे गुरुदासचं दुखणं होतं.

चौरंगावर लाल कापड, कापडावर माइकसकट गुरुदासचा जुना अ‍ॅम्प्लिफायर, अ‍ॅम्प्लिफायरवर शेंडीवाला नारळ आणि वर खांबाला टांगलेला गुरुदासचाच कर्णा. समोर व्याघ्रचर्मावर गर्जननाथ महाराज बसलेले. व्याघ्रचर्म छापील कापडाचं होतं, एका कोपऱ्यात धुण्याच्या सूचनाही होत्या. महाराज मूळचे कुठले, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. बांद्यात विचारलं तर लोक म्हणत, सावंतवाडीचे. सावंतवाडीत विचारलं तर म्हणत, बांद्याचे.

कोकणात देवाला कौल लावल्याशिवाय कोणी विहीरसुद्धा खणत नाही. देवळात पाषाणाला पाकळ्या चिकटवायच्या, उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. गर्जननाथांनी ही भानगडच मोडीत काढली.

"पाकळी वाऱ्यानेही पडते, भक्तहो!" ते डोळे मिटून सांगत. "इथे सप्तपाताळातली अनाहत ऊर्जा नारिकेलात उतरते, नारिकेलातून यंत्रात आणि यंत्रातून तुमच्या कर्णरंध्रात! देव गरजला तर होय. गप्प राहिला तर नाही. मोबाइल असेल तर बाहेर ठेवा, देवाला त्याचा त्रास होतो."

मग कोणीतरी प्रश्न विचारायचा. महाराज दाढी कुरवाळायचे. आणि कर्णा बोलायचा, "टिक्-टिडिक्, टिक्-टिडिक्, गुर्रर्रर्र!"

अख्खा मांगर एका सुरात म्हणायचा, "व्हय म्हाराजाऽऽ!"

या होय-नाहीच्या कारभारात अपघातही व्हायचे. रामचंद्राने सहज विचारलं, "म्हाराज, पानी पिऊ काय?" महाराजांचं लक्ष नव्हतं, अ‍ॅम्प्लिफायरचा डबा गप्प. रामचंद्र बिचारा संध्याकाळपर्यंत कोरड्या घशाने बसून राहिला. आणि शंकरने मस्करीत दारातल्या खरजुल्या कुत्र्याकडे बोट दाखवून विचारलं, "ह्या कुत्र्यात देव आसा काय?" महाराजांनी दाढीला हातही लावला नव्हता, तरी डबा गुरगुरला! महाराज स्वतःच दचकले. पण लगेच सावरून म्हणाले, "आहे! आहे!" तेव्हापासून कुत्र्याच्या गळ्यात झेंडूची माळ आली आणि पहिला पेढा त्याला मिळू लागला.

गुरुदासला हे सगळं चाललं असतं. अ‍ॅम्प्लिफायर आता देवाचा झाला, परत मिळणार नाही, असं तो उसना नेणाऱ्या महाराजांनी सांगितलं तेव्हाही त्याने दात-ओठ खाऊन सोसलं. पण त्या गुरुवारी त्याची आई सुभद्रा लंगडत पुढे गेली. तिला साखर होती, पायाच्या अंगठ्याला जखम होती आणि मालवणच्या डॉक्टरांनी रोज दोनदा इन्सुलिन टोचायला सांगितलं होतं.

"म्हाराजा, ह्यो सुयो बंद करू काय?"

महाराजांनी दाढी कुरवाळली. "गुर्रर्रर्र!"

घरी येऊन सुभद्रेने औषधाच्या बाटल्या फ्रीजमधून काढल्या, आपल्या ट्रंकेत घातल्या, कुलूप लावलं आणि चावी कमरेला खोचली. पाचव्या दिवशी अंगठा काळपट दिसू लागला. नवीन बाटली आणली, तर ती हात पुढे करीना. डॉक्टर म्हणाले, "आणखी आठवडा असंच चाललं तर अंगठ्यावर भागणार नाही, पाऊल काढावं लागेल."

"आये, डॉक्टर काय म्हणता ता आयकलंस मां?" गुरुदास काकुळतीला आला.

"डॉक्टर माणूस आसा, चुकता. देव चुकना नाय."

"देव खंयचो? तो माझो डबो!"

"तुझो डबो दहा वर्सा भजनाक जाता. पुण्य लागला तेका."

गुरुदासची बायको आनंदी चुलीपुढून म्हणाली, "दहा वर्सा तुम्ही पण भजनाक जातास. तुमका कित्या लागूक नाय?"

बुधवारी दुपारी आनंदी शेजारच्या एस्पेरांसाबायकडे गेली आणि तिच्या मुलीला घेऊनच आली. क्लॉडिया पुण्याच्या एका चाचणी प्रयोगशाळेत नोकरीला होती आणि मे महिन्याच्या सुट्टीवर आली होती. तिचं काम नेमकं काय, हे वाडीत कोणालाच कळलं नव्हतं. एस्पेरांसाबाय सांगायची, "माझा चेडू स्पंजाच्या खोलयेत बसान काय तरी आयकता."

क्लॉडियाने आवाज कसा येतो ते विचारलं. गुरुदासने तोंडाने काढून दाखवला, "टिक्-टिडिक्, गुर्रर्र!"

क्लॉडिया इतकी हसली की तिच्या हातातलं कोकम सरबत सांडलं. "गुरुदासदादा, ह्यो देव माका रोज भेटता! मोबाइलचो देव. फोन येवच्या आधी टॉवराशी बोलता ना, तेव्हा तो जोरात लहरी फेकता. एकसारखी न्हय, तुकड्या-तुकड्यान, सेकंदाक दोनशेवर झटके. जवळची वायर बरी नसली तर तेच झटके कर्ण्यातसून आयकाक येतत. घंटी बंद असली तरी! आणि कंपनीचो फुकटचो मेसेज इलो, तरी पण."

"म्हंजे कुत्र्यातलो देव कंपनीचो!" आनंदी म्हणाली.

"तुमच्या माइकच्या वायरीक काय झाला हा?"

गुरुदासचे कान लाल झाले. माइकच्या वायरीत मधल्या तारेभोवती तांब्याची बारीक जाळी असते. गेल्या शिमग्यात ती तुटली होती. गुरुदास सात पिढ्यांचा रापणकार, समुद्रातली जाळी ओढून जगलेल्या घरातला. जाळी तुटली की आपण काय करतो? शिवतो! त्याने ती तांब्याची जाळी नायलॉनच्या दोऱ्याने, रापणीच्या पक्क्या गाठी मारून अशी सुरेख शिवली होती, की त्यातून कोळंबीसुद्धा निसटली नसती.

"पण लहर निसटता," क्लॉडिया म्हणाली. "दोरो वीज वाहून नेना नाय. तांबा तांब्याक जोडूक होया. तुम्ही जाळी शिवलास आणि वायरीची अँटेना केलास."

"म्हंजे देव मीच केलंय?" गुरुदास मटकन खाली बसला.

"केलास तुम्ही, कामाक लावल्यान बुवान. पण फोन खंय आसा, ता शोधूक होया. नुसता बोलान आये ऐकाची नाय."

मग तिने आपलं काम समजावून सांगितलं. प्रयोगशाळेतल्या त्या खोलीला आतून स्पंजाचे काळे सुळके लावलेले असतात. बाहेरची लहर आत येत नाही, आतली भिंतीवर आपटून परत येत नाही. मधल्या फिरत्या पाटावर यंत्र ठेवायचं, समोर अँटेना वर-खाली करायची आणि मोजायचं, की हे यंत्र स्वतः किती बडबडतं आणि दुसऱ्याची बडबड किती सोसतं.

"सासू-सुनेचा मोजमाप," आनंदी म्हणाली.

"तसाच! आणि चोर नेमको खंय आसा ता बघूक बारीक वेढ्याची सुई. यंत्राचो हात ती बोटभर-बोटभर सरकवता आणि संगणकार नकाशो उमटता. जंय आवाज मोठो, थंय रंग लाल."

आनंदीने क्षणभर विचार केला. "ही तर ठिपक्यांची रांगोळी झाली."

क्लॉडिया तिच्याकडे बघतच राहिली.

गुरुदासच्या भंगाराच्या पेटीतून तांब्याची तार निघाली, मोडक्या ट्रान्झिस्टरमधला काचेचा डायोड निघाला, कानात घालून ऐकायचं जुनं बोंडूक निघालं. तारेचा वेढा क्लॉडियाने मुद्दाम बांगडीएवढा केला. तो आनंदीच्या हिरव्या काचेच्या बांगड्यांत बसला, वायर बाहीतून वर गेली, बोंडूक पदराआड कानात गेलं. क्लॉडियाने मोबाइल लावून दाखवला. हात जवळ नेला की कानात गुरगुर मोठी, चार हात लांब गेलं की काहीच नाही.

"आणि वयनी, लपलेल्या फोनाक कॉल देवक दुसरो फोन होयोच. तो सापडलो तर हिरवा बटण दोनदा दाबा. शेवटी जेका लावलो, तेकाच परत लागता."

गुरुवारी गुरुदासने आईला खुर्चीत बसवून मांगरात नेलं. क्लॉडिया मागे दारापाशी बसली. आनंदी रांगोळीचा डबा घेऊन महाराजांच्या पाया पडली. "म्हाराज, देवासमोर ठिपके घालूचो नवस आसा."

"घाल, कन्ये, घाल," महाराज प्रसन्न झाले.

प्रश्न सुरू झाले. डबा गुरगुरला की आनंदी एक ठिपका घालायची. कानात आवाज बारीक तर ठिपका मोहरीएवढा, मोठा तर चण्याएवढा. मग हातभर सरकायची आणि पुढच्या भक्ताची वाट बघायची. सुगंधा कोळणीने एकटीनेच नऊ प्रश्न विचारले, त्यातले सहा जावेबद्दल होते. आनंदीची एक ओळ तिच्यावरच पुरी झाली.

अकराच्या सुमाराला गुरुदासने जमिनीकडे पाहिलं. दाराकडून निघालेले बारीक ठिपके चौरंगाकडे जाता-जाता फुगत गेले होते आणि नारळाखाली तर लाडवाएवढे झाले होते. पण आणखी एका ठिकाणी तसेच लाडू उमटले होते: खिडकीपाशी, महाराजांचा शिष्य यतीन अंगाऱ्याच्या पिशवीत हात घालून बसायचा तिथे. देव दोन जागी होता!

"वा! काय अलौकिक आकृती!" महाराज रांगोळी बघून म्हणाले. "ऊर्जा कशी वाहते ते कन्येने बरोब्बर काढलं आहे!"

"बरोब्बर," आनंदी म्हणाली. मग ती यतीनपुढे जाऊन बसली. "बाबा, आयेच्या पायाक जरा अंगारो दी." त्याने पिशवीतून हात बाहेर काढला मात्र, आनंदीने पिशवीच ओढून पदराखाली घेतली. "चिमटीन काय होताला? मीच घेतंय मूठभर."

गुरुदास हात जोडून उभा राहिला. देवाला गाऱ्हाणं घालायला त्याचा आवाज खणखणीत होता.

"बा देवा म्हाराजाऽऽ!"

"व्हय म्हाराजा!" मांगर गरजला.

"आज तुझ्या दारात बारा वाटेची लेकरा जमली हत. तेंच्या मनातलो एकच इचार आसा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्यो समोर बसलेलो गर्जननाथ बुवा एक नंबर लबाड आसा, तर आत्ताच्या आत्ता गरज रे म्हाराजाऽऽ!"

शंभर तोंडं उघडीच राहिली. महाराजांनी दोन्ही हात दाढीपासून लांब धरले. यतीन ओरडला, "माझी पिशवी!" आनंदीने पदराखाली हिरवं बटण शोधलं आणि दोनदा दाबलं.

दोन श्वास काहीच झालं नाही. मग, "टिक्-टिडिक्, टिक्-टिडिक्, गुर्रर्रर्र!"

"व्हय म्हाराजा," एकटा रामचंद्र सवयीने म्हणाला.

"हे... हे पाताळातलं दुष्ट आवर्तन आहे!" महाराज किंचाळले. "नारिकेलाला हात लावू नका, भस्म व्हाल!"

गुरुदासने हात लावला. भस्म झाला नाही. त्याने नारळ उंबऱ्यावर आपटला तर तो डिंकाने चिकटवलेल्या फटीतून अलगद दोन झाला. खोबरं नव्हतंच. कापसाच्या गादीवर मोबाइल झोपला होता आणि त्याच्या पडद्यावर लिहिलं होतं: अडतीस मिस्ड कॉल. महाराजांनी दाढी कुरवाळली, की यतीन पिशवीतून एक द्यायचा.

"तो देवाचाच फोन आहे," महाराज पुटपुटले.

"देवाक मिस्ड कॉल कोण देता रे, शिरा पडो तुझ्या तोंडार!" सुगंधा कडाडली. तिचे नऊ प्रश्न वाया गेले होते, त्यातले सहा जावेचे.

महाराज आणि शिष्य मागच्या दाराने पळाले. घाईत महाराजांनी रामचंद्राच्या चपला घातल्या. पोलिसांनी त्यांना संध्याकाळी बांद्याच्या नाक्यावर धरलं, तेव्हा ते आपण सावंतवाडीचे असल्याचं सांगत होते.

क्लॉडियाने फोन सगळ्यांच्या हातात दिला. "तुम्हीच लावा, तुम्हीच आयका." लोकांनी डब्याजवळ नेऊन गुरगुर ऐकली, लांब नेऊन शांतता ऐकली, पुन्हा जवळ नेली. शंकरने तर तीनदा. "प्रश्न विचारूक लाजा नकोत," ती म्हणाली. "पण उत्तर खंयसून येता, ता पण विचारा. माका, डॉक्टराक, कोणाकय. जंय कोण 'हात लावू नका' म्हणता, थंय आधी हात लावा."

गुरुदासने त्याच दुपारी वायरीतला दोरा कापून तांब्याला तांबं डाग देऊन जोडलं. फोन डब्यावर ठेवला, दुसऱ्याने लावला. डबा गप्प.

सुभद्रा खुर्चीतून बघत होती. तिने खुर्ची डब्यापाशी न्यायला लावली. आता म्हणाली, "तुम्ही सगळे माका सांगतास. सुई घे, भात खाव नको, चालू नको. तो डबो एकटोच असो होतो, जेका मी विचारी आणि तो आयकी."

आनंदी तिच्या पायाशी बसली.

सुभद्रेने डब्याकडे तोंड केलं. "सांग रे, घेव काय सुई?"

डबा गप्प. दारात माळवाला कुत्रा पेढ्याची वाट बघत शेपटी आपटत होता.

"आये, तो आता बोलूचो नाय," आनंदी हळूच म्हणाली. "तुमचो पाय, तुमी बघा. तुमका काय वाटता?"

सुभद्रेने काळपट अंगठ्याकडे पाहिलं, हलवून बघितला. मग कमरेची चावी सोडून सुनेच्या हातात दिली आणि दंड पुढे केला.

"टोच. पण आधी माका विचारून."

"टोचू?"

"व्हय," सुभद्रा म्हणाली.