गालाला गार लागलेली फळी

धाकट्या भावाच्या पत्राला अकरा महिने होऊन गेले, तरी म्हाताऱ्या सुतारानं उत्तर धाडलं नव्हतं. पत्र चार ओळींचंच होतं. "दादा, फोनवर माझ्या तोंडून शब्द फुटत नाही म्हणून लिहितो. बाक मोडला तो मी गादीचे पट्टे बसवायला पाडलेल्या भोकांमुळेच ना? तिथूनच पाणी आत गेलं असणार. तू जाणता आहेस. खरं काय ते सांग."

धाकट्याच्या होडीतला तो बाक मोडला तेव्हा त्यावर त्याची बायको बसली होती. होडीच्या लोखंडी कडेवर ती आपटली, खुब्याचं हाड मोडलं आणि तेव्हापासून ती अंथरुणाला खिळली.

होडीचे बाक सुतारानंच बनवले होते. साधा खिळा ठोकायचा तरी आधी पुस्तक उघडणारा माणूस, अशी धाकटा त्याची थट्टा करायचा. या बाकांसाठी तर त्यानं महिनाभर वाचलं. साग हवा तेवढ्या लांबीचा मिळेना, म्हणून पाइनच्या फळ्या घेतल्या. स्क्रू न गंजणारे, स्टेनलेस स्टीलचे. गादीला पाणी न पिणारा फोम, वरून उन्हात न तडकणारं रेक्झिन. आणि फळ्यांना इपॉक्सीचे, म्हणजे पाणी आत न जाऊ देणाऱ्या कडक लेपाचे, तीन हात, वरून, खालून, कडांना, टोकांना. मुंगी शिरायला फट ठेवली नाही.

फळी सुकली की नाही, हे मात्र तो पुस्तकात बघत नसे. गालाला लावून बघायचा. आतून ओली असली की ती गार लागते. त्या दिवशी ती गार लागली होती. 'सकाळची वेळ, गार लागणारच,' अशी त्यानं मनाची समजूत घातली आणि ब्रश उचलला.

हे आठवलं की उत्तराचा कोरा कागद तो बाजूला सारायचा. आपल्याला कुठे एवढं कळतं? भोकांमुळेही झालं असेल. लाकूड आत कोंडलेल्या ओलीनं कुजतं आणि बाहेरून शिरलेल्या पाण्यानंही, पुस्तकात दोन्ही कारणं दिली होती.

एका दुपारी बायको फोन ठेवून त्याच्या कामाच्या खोलीच्या दारात आली.

"अहो, ऐकलंत का? धाकट्या जावेचा फोन होता. भावोजींनी काल होडी फोडली. स्वतः, कुऱ्हाडीनं. म्हणाले, ज्या हातांनी ती भोकं पाडली त्यांनी आता वल्हं धरायचं नाही."

सुतारानं हातातला रंधा खाली ठेवला.

"त्या पत्राला काय कळवलंत तुम्ही?"

"अजून... विचार चाललाय."

"अकरा महिने? एवढ्या वेळात तुमच्या टेबलाला पालवी फुटली असती!" पण ती हसली नाही.

ती गेल्यावर त्यानं भिंतीवरच्या फडताळातून वीतभर लाकडाचा तुकडा काढला. बाकांच्याच लाकडाचा होता. चकाकी कशी येते ते धाकट्याला दाखवायला त्यानं तोही त्याच दिवशी सगळ्या बाजूंनी रंगवला होता. वर्षभर त्याच्याकडे बघायचं त्यानं टाळलं होतं. आता शिकंज्यात अडकवून त्यावर करवत चालवली. वरचा थर करकरला, आणि मग करवत ओल्या भाकरीत शिरावी तशी आत गेली. आत काळा, भुसभुशीत चोथा होता.

या तुकड्याला भोक नव्हतं. यानं पाणी पाहिलंही नव्हतं. ओल आतलीच होती, आणि तिला बाहेर पडायची वाट त्यानंच बंद केली होती.

संध्याकाळी त्यानं लिहिलेलं पत्र बायकोनं वाचलं.

"'कदाचित माझी चूक असावी.' यातलं कदाचित कशाला?"

"तो पुन्हा माझं तोंड बघणार नाही."

"नाहीच बघणार," ती म्हणाली आणि पेन त्याच्यापुढे सरकवलं.

त्यानं ओळ खोडली. 'चूक माझी. तुझ्या भोकांचा काही संबंध नाही,' असं लिहिलं. होडी परत येणार नव्हती, भावजय उठून चालणार नव्हती, आणि हीच ओळ अकरा महिन्यांपूर्वी गेली असती तर निदान होडी तरी राहिली असती. हेही त्यानं लिहिलं.

सकाळी नाक्यावरच्या टपालपेटीत पाकीट अर्धं सरकवून तो थांबला. हात मागे येईना, पुढे जाईना.

"आजोबा, टाकताय की परत नेताय?" मागे उभी असलेली बाई म्हणाली. "मला कामावर जायचंय."

"टाकतो, टाकतो. माफ करा," तो पुटपुटला आणि त्यानं बोटं सोडली.