खर्जाची गिटार

"मुलासाठी बघताय का?" दुकानदार बाईंनी विचारलं.

"नाही. माझ्यासाठीच," तो म्हणाला, आणि उगाच ओशाळला.

भिंतीवर बेस गिटारी ओळीने टांगल्या होत्या. लिफ्टदुरुस्तीचं काम लवकर उरकून तो सरळ इथे आला होता. शर्टाच्या खिशात टेस्टर तसाच होता. तरुणपणी तो ऑर्केस्ट्रात बेस वाजवायचा. बोलणंही खालच्या पट्टीतलं, म्हणून सगळे त्याला खर्ज म्हणत. पुढे मुलगी झाली, जागा घेतली, त्यात गिटार विकली गेली. त्याबद्दल त्याने कधी कुरकुर केली नाही. आता मुलीला बाळ झालं, तशी बायको मुलीच्या शहरात गेली. महिनाभरासाठी म्हणून गेली, पण बाळाला पाळणाघरात ठेवायला कुणाचंच मन होईना, म्हणून तिकडेच राहिली. भांडण नाही, रुसवा नाही. नुसतं घर रिकामं झालं.

अशात ऑर्केस्ट्रातल्या गायकाचा फोन आला होता. "खर्जा, पुढच्या रविवारी माझ्याकडे बसू, जुनी मंडळी. वाजवतोस ना अजून?"

"हो," खर्ज बोलून गेला होता.

बाईंनी एक लाल, चकचकीत गिटार काढून दिली. "परवडणाऱ्यातली हीच जास्त खपते."

त्याने पट्टा गळ्यात अडकवला आणि डावा हात सोडून पाहिला. दांडी झपकन खाली गेली.

"हिला सावरण्यातच हात मोडेल माझा. वाजवणार कधी?"

बाई हसल्या. दुसरी दिली, तर तिच्या तारा दांडीपासून फारच उंच होत्या. त्याचं मधलं बोट कधीकाळी लिफ्टच्या दारात सापडलं होतं, ते अजून पुरतं वाकत नसे. तार दाबताच कळ कोपरापर्यंत गेली. त्याने चेहरा सरळ ठेवला, पण बाईंनी पाहिलं.

"थांबा जरा," म्हणून त्या आत गेल्या आणि एक तपकिरी, आखूड दांडीची गिटार घेऊन आल्या. "कुणीतरी विकून गेलंय. दिसायला यथातथाच आहे, म्हणून गिऱ्हाइकं हात लावत नाहीत."

कडेचा टवका उडालेला, एक खुंटी भलत्याच गिटारीची. त्याने स्टुलावर बसून ती मांडीवर घेतली, लिफ्टच्या मोटारीचा आवाज ऐकायला वाकावं तसा वाकला आणि एकेक सूर वाजवत वरपर्यंत गेला. कुठे खरखर नाही. बोटाला ताण नाही. सगळ्यात जाड तारेचा सूर छातीशी लागून घुमला, तेव्हा तो बराच वेळ तसाच बसला. बायको बरोबर असती तर म्हणाली असती, घ्या की आता, किती बघाल.

"ही देऊन टाका," तो म्हणाला. "फक्त त्या परक्या खुंटीचे थोडे कमी करा."

आठवडाभर कामावरून आल्यावर तो वाजवत बसला. बोटांना फोड आले. जुनी गाणी हाताला आठवत होती, पण नुसता बेस म्हणजे गाण्याचा तळ. वरचं सगळं त्याला मनातल्या मनात म्हणावं लागे.

रविवारी गिटार पाठीला लावून तो गायकाकडे पोचला. दिवाणखान्यात लॅपटॉप होता आणि दोन मोठे स्पीकर. कीबोर्डवाला हात हलवत आला होता. ड्रमवाल्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं.

"अरे, ही कशाला उचलून आणलीस?" गायक म्हणाला. "सगळं ट्रॅकवर मिळतं आता. ड्रम, व्हायोलिनं, बेससुद्धा. आपण फक्त गायचं."

"मला कुठे गाता येतं?"

सगळे हसले, तोही हसला. गिटार भिंतीला टेकवून तो कोपऱ्यातल्या खुर्चीत बसला. ट्रॅकमधला बेस अगदी बिनचूक होता. एका अंतऱ्याला गायकाला दम लागला, ओळ तोंडातच राहिली. ट्रॅक पुढे निघून गेला. गुडघ्यावर ताल धरलेली खर्जाची बोटं मात्र गायकासाठी थांबली होती.

घरी येऊन त्याने कपडे बदलले, तोच बायकोचा फोन आला.

"कसं झालं?"

"छान. सगळ्यांनी आठवण काढली तुझी."

"वाजवलंत ना?"

त्याने गिटार जवळ ओढली. "आता वाजवतो. ऐकतेस?"

फोन टेबलावर ठेवून त्याने गिटार सुरात लावली आणि तिला आवडायचं ते गाणं सुरू केलं.

"अहो, सुरू केलंत का? काहीच येत नाहीये इकडे."

फोनच्या एवढ्याशा स्पीकरमधून इतके खालचे सूर निघायचेच नाहीत, हे त्याच्या लक्षात आलं.

"सुरू आहे," तो म्हणाला.

"नुसती टकटक येतेय."

"बोटं आहेत ती."

"बरं, वाजवा. मी घड्या घालतेय कपड्यांच्या, फोन राहू दे चालू."

थोड्या वेळाने तिकडे बाळ रडलं. "आले, आले," म्हणत तिची पावलं लांब गेली आणि कुठलंसं दार लागलं. फोनचा पडदा उजळलेलाच होता. खर्जाने शेवटचा अंतरा घेतला आणि तिच्या आवडीचं ते गाणं, कुठेही घाई न करता, पुरं वाजवलं.