सतरा तासांचा दिवस

चौतीस वर्षं मी लोकांना बल्ब लावायला सांगत फिरलो. पशुसंवर्धन खात्यात पशुधन पर्यवेक्षक होतो. करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत बदल्या झाल्या आणि जाईन तिथं कोंबड्यांच्या शेडवाल्यांना एकच पाढा: थंडीत दिवस लहान होतो, कोंबडी अंड्यावर येत नाही, तर शेडमध्ये दिवा लावून तिचा दिवस सोळा तासांचा करा. कोंबडीच्या डोक्यात घड्याळ असतं आणि त्याला चावी असते उजेडाची. हे मी इतक्या वेळा बोललोय की माझी बायको गोदावरी पोळ्या लाटता लाटता माझ्या आवाजात म्हणून दाखवायची. तर असा हा शहाणा माणूस, कमलाकर माझं नाव, स्वतःच्या पडवीत काय करून बसला ते सांगतो. ऐकून शिव्या द्या, माझी हरकत नाही.

निवृत्तीनंतर आम्ही उजनीच्या पाण्याकाठी घर बांधलं. गोदाचा हट्ट. तिचं माहेर धरणात बुडालं तेव्हा ती वीस वर्षांची होती. घर नाही तर नाही, त्याच्यावरचं पाणी तरी रोज दिसू दे, म्हणाली. दोन वर्षांपूर्वी तिला विसरण्याचा आजार लागला. दिवसा बरी असायची. ज्वारी निवडायची, चहात साखर कमी पडली म्हणून माझ्यावर खेकसायची. पण दिवस कलला की डोळे बदलायचे. पदर खोचून दाराशी उभी. "चला, घरी चला. आई वाट बघत असंल."

"अगं, हेच तुझं घर."

"ह्ये न्हवं."

रोज हेच. मी समजावणार, ती रडणार, मग मी ओरडणार. ओरडायचो हो मी, लपवून काय करू?

सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, "वय झालं की मेंदूतलं घड्याळ झिजतं, काका. दिवसरात्रीची गल्लत होते. संध्याकाळी अंधाराला घाबरतात, तर घरात लख्ख उजेड ठेवा." तो पोरगा मला घड्याळाचं शिकवत होता! घरी आलो आणि पडवीपासून स्वयंपाकघरापर्यंत मोठ्या ट्यूबा लावल्या. संध्याकाळी सहा ते रात्री दहा. पहाटे साडेचारला ती उठायची, तेव्हा पुन्हा. थोडा फरक पडला, नाही असं नाही.

गेल्या नोव्हेंबरात नागूबाई आली. ती आणि तिचा नवरा पाण्यावर मासेमारी करतात. पाटीत पोतं, पोत्यात पाखरू. "सायेब, ह्ये बघा की. जाळ्यात गावलं. जित्तं हाय अजून."

करड्या अंगाचं, लांब मानेचं, पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे. पट्टकादंब. हिमालयापलीकडून येणारे हंस हे. दर थंडीत आमच्या पाण्यावर हजारानं उतरतात, हरभऱ्याच्या रानात चरतात आणि मार्चात परत जातात. ह्याच्या पंखाचं मांस नायलॉननं फाटलं होतं, पण हाड शाबूत होतं. मी टाके घातले आणि वनरक्षक दिपकला फोन केला. त्यानं येऊन बघितलं. "सर, सोलापूरला नेता नेता मरेल. तुम्हीच बघा, मी साहेबांना कळवतो. बरा झाला की थव्यात सोडू. थवा उठायच्या आत मात्र."

"ते मला सांगतोस व्हय?" मी म्हणालो.

पडवीला जाळी होती, कुत्र्यामांजराची भीती नव्हती. तिथंच ठेवलं. नर की मादी ते वरून ओळखू येत नाही. गोदा म्हणाली, "पाव्हणी आली." मग ती पाव्हणी.

आमची राजश्री पुण्याहून फोन करायची तेव्हा तिची आई तिला विचारायची, "कुणाच्या तुमी?" पोरगी रडत फोन ठेवायची. आणि ही बाई पाव्हणीला मात्र एक दिवस विसरली नाही. सकाळी उठली की हरभऱ्याची पानं खुडून आणायची. दुपारी परातीत पाणी. आणि दिवस मावळायला लागला की पाट घेऊन पडवीत, त्या पाखराशेजारी, ट्यूबच्या उजेडात. "तुला बी घरी जायचंय व्हय? जाऊ की. दोघी मिळून जाऊ." दाराशी जाणं बंद. रडणं बंद. दोन वर्षांत पहिल्यांदा मी संध्याकाळचा चहा गरम प्यालो.

डिसेंबरच्या मध्याला पंख बरा झाला. पाव्हणी पडवीत या टोकापासून त्या टोकापर्यंत पंख फडफडवत धावायची. तेव्हाच सोडायला हवी होती. दिपकचा फोन आला, "सर, कसंय?" मी म्हणालो, "अजून आठ दिवस लागतील." आठ दिवसांनी पुन्हा तेच. धादांत खोटं. मला माझ्या संध्याकाळी हव्या होत्या, दुसरं काही नाही. थवा मार्चात जातो, घाई काय आहे, असं मी मनाला सांगत राहिलो.

जानेवारीचा दुसरा आठवडा. पाव्हणी खायला लागली. खायला म्हणजे किती! गोदा पानं आणून दमायची. पोटाखाली हात घातला तर चरबीचा जाड थर. मला वाटलं, चांगलं बाळसं धरलंय. मग एका संध्याकाळी ती जाळीवर धडकायला लागली. घसा ताणून ओरडायची, मागं सरकायची, पुन्हा धडक. नेहमी उत्तरेकडच्याच जाळीवर. चोचीच्या कडेनं रक्त आलं. गोदा कानावर हात ठेवून ओरडली, "अवो, तिला काय हुतंय बघा की!"

मी बघत उभा राहिलो. आणि डोक्यावरची ट्यूब बघितली.

अकरा तासांचा दिवस. वर संध्याकाळचे चार तास, पहाटेचे दोन-अडीच. दीड महिना हे पाखरू सतरा-अठरा तासांच्या दिवसात बसलं होतं. बाहेर कडाक्याची थंडी, आणि हिच्या अंगात उन्हाळा लागला होता. निघायची वेळ झाली, पोटात शिदोरी भर, उठ, असं तिचं घड्याळ तिला सांगत होतं. ते घड्याळ मी फिरवलं होतं. ज्यानं जन्मभर दुसऱ्यांना हेच शिकवलं त्यानं! तोंडात मारल्यासारखं झालं मला.

दिपकला सगळं खरं सांगितलं. तो बिचारा मोठ्यानं बोलला नाही. "मग आता अंधार करा ना, सर. घड्याळ मागं येईल."

येईल, पण त्याला आठवडे लागतात. तरी केलं. पडवीतला उजेड गोदाला लागायचा, म्हणून मागच्या खोलीत पाव्हणीला ठेवलं, खिडकीला गोणपाट लावलं, सूर्याबरोबर उघडायचं, सूर्याबरोबर झाकायचं. पहिल्याच संध्याकाळी गोदानं घर डोक्यावर घेतलं. "पाव्हणीला कोंडलं ह्यांनी! खुनी हाईत ह्ये, खुनी!" दारावर हात आपटले. तिसऱ्या दिवशी कपाळ आपटलं. भुवईवर खोक पडली, चार टाके. मी तिचं कपाळ धरून बसलोय, आत ते पाखरू भिंतीवर धडका देतंय आणि बाहेर ही. दोघींचं घड्याळ बिघडलेलं आणि मधे मी, घड्याळाचा मास्तर. त्या दिवशी मी देवाला नाही नाही ते बोललो.

चौथ्या दिवशी दिपक म्हणाला, "थव्यातच सोडून बघू. बाकीचे बसलेले दिसले तर तीही बसेल." दुसरं होतंच काय हातात? थव्याबरोबर राहिली तर वाचली. एकटी निघाली तर मेली. इतकं सरळ होतं ते.

सकाळी सोडली. नागूबाईच्या होडीतून थव्याजवळ नेली. पाण्यावर उतरली, पंख झटकले आणि त्यांच्यात जाऊन मिसळली. दिपकनं मला टाळी दिली. मला पण वाटलं, सुटलो.

संध्याकाळी गोदाला घेऊन काठावर गेलो. सूर्य टेकला आणि पाव्हणी उठली. एकटीच. ओरडत थव्यावरनं घिरट्या घालायला लागली, एक, दोन, तीन. खालचे हजारभर हंस चोची पाण्यात घालून आपल्या नादात. एखाद्यानं मान वर केली, पुन्हा खाली घातली. ती दमून उतरली. दुसऱ्या संध्याकाळी तेच, तिसऱ्या संध्याकाळी तेच. अगदी खाली यायची, त्यांच्या डोक्यांना पंख लागतील इतकी, आणि ओरडायची.

"कुणीच उठंना की तिच्यासंगं," गोदा म्हणाली.

"उठतील कसे?" मी खेकसलो. "त्यांचा माघ चाललाय! हिच्या अंगात मी चैत्र आणून ठेवलाय!"

चौथ्या संध्याकाळी तिनं दोनच घिरट्या घातल्या. मग मान लांब केली आणि सरळ उत्तर धरली. मी वाट बघत होतो, आत्ता वळेल, आत्ता वळेल. होडीत उभ्या नागूबाईनं डोळ्यांवर हात धरला. बराच वेळ बघत राहिली. "गेली वो, सायेब," म्हणाली.

तिकडं वर या दिवसांत तळी गोठलेली असतात. गवताची काडी नाही. हे हंस जातात ते ओळीनं, एकमेकांच्या पंखांचा वारा धरून, पुढचा दमला की मागचा पुढं येतो. हिच्या पुढं कुणी नव्हतं आणि मागंही कुणी नव्हतं. मी तिला जाळ्यातून वाचवली आणि मीच तिला मारली. काठावरच्या मातीत बसून रडलो मी, अडुसष्ट वर्षांचा बाप्या, नागूबाईच्या देखत.

अंधारायला लागलं होतं. गोदा माझ्यापाशी येऊन उभी राहिली. भुवईवर टाक्यांची पट्टी, पदर खोचलेला. "चला, घरी चला. आई वाट बघत असंल."

'हेच तुझं घर' माझ्या तोंडापर्यंत आलं. दोन वर्षं रोज आलं होतं. दोन वर्षं ही बाई दिवस मावळला की एकटीच उठत होती, हाका मारत होती, आणि मी कधी बसल्या जागेवरून उठलो नव्हतो. शब्द गिळला. गुडघ्यावर हात टेकून उठलो.

"चल," म्हणालो.

तिनं आधी माझ्याकडं संशयानं बघितलं. मग पाण्याच्या कडेकडेनं निघाली, झपाझप, वीस वर्षांची असल्यासारखी. मी मागून. "त्या चिंचेपासनं वळायचं," म्हणाली. पुढं चिंच नव्हती, रस्ता नव्हता, नुसतं काळं पाणी होतं. मी "हां" म्हणालो आणि तिचा हात धरला.

ती थांबली. माझ्या हाताकडं बघितलं, तोंडाकडं बघितलं. लई मऊ आवाजात बोलली, परक्या माणसाशी बोलावं तसं.

"तुमी कशाला तरास घेताय? तुमचं घर तर हितंच हाय की."

"असू दे," मी म्हणालो. "एवढ्या लांब एकटी कशी जाशील?"