वहिनीच्या दुधाची परीक्षा

बाळाचा मळका लंगोट मागितला की आचऱ्यातले लोक कसे बघतात, हे मी अठ्ठावन्न सालच्या मे महिन्यात पुरेपूर अनुभवलं. बाळाची वस्तू परक्या हाती गेली की करणी होते, अशी गावाची पक्की समजूत. त्यात मी मुंबईला जंतूंचा अभ्यास करणारी, बिनलग्नाची, पितळी मायक्रोस्कोप पोटाशी धरून बोटीतून उतरलेली. शेजारपाजारच्या बायांनी मला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. मी जाम चिडले. पण घरातच दोन बाळं होती, म्हणून निभावलं.

एक माझ्या धाकट्या बहिणीची, शेवंतीची मुलगी. शेवंती बाळंतपणाला माहेरी आली होती आणि मुलीला अंगावर पाजायची. दुसरा मथुरावहिनीचा बाबू. त्याला मात्र बाटली. वहिनीचं पहिलं मूल जुलाबांनी गेलं, तेव्हा शेजारच्या राधाबाईने वहिनीचं दूध वाटीत काढून त्यात मुंगी सोडली होती. मुंगी बुडून मेली. झालं, दूध विषारी ठरलं. मुंगीने दुधात पोहून दाखवावं अशी अपेक्षा कोणी का करावी, हे मला आजवर कळलेलं नाही. पण आईने ते मनावर घेतलं. बाबू जन्मल्यापासून तिच्या हुकमाने दादा मुंबईहून दुधाचे डबे पाठवत होता आणि वहिनी मुकाट्याने बाटली भरत होती.

माझा आनंद वेगळाच होता. आईच्या दुधावरच्या बाळाच्या पोटात एका जातीचे जंतू असे माजतात, की इतरांना जागाच उरत नाही. लंगोटावरच्या शीचा ठिपका काचेवर घेऊन रंग दिला की ते जांभळे दिसतात, टोकाला फाटे फुटलेले, बेचक्यांसारखे. डब्यावरच्या बाळाकडे लाल-जांभळे, लांबट, गोल, सगळ्यांची बाजाराच्या दिवसासारखी गर्दी. मुंबईत मी हे पाहिलं होतं. आता आपल्याच पडवीत दोन्ही काचा शेजारी शेजारी बघायच्या, या खुशीत मला पेज गोड लागेना.

उन्हाचा कवडसा मायक्रोस्कोपाच्या आरशावर घेतला आणि शेवंतीच्या मुलीची काच लावली. बेचक्याच बेचक्या. मग बाबूची लावली. बेचक्याच बेचक्या.

काचांची अदलाबदल केली म्हणून मी स्वतःलाच शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी बाबूचा लंगोट स्वतःच्या हाताने सोडून घेतला. पुन्हा तेच. डब्यावरच्या पोरात हे जंतू! मुंबईला जाऊन मला शिकवणाऱ्या बाईंना सांगेन तेव्हा त्यांचा चेहरा कसा होईल, याची मी चित्रं रंगवू लागले. त्याच तंद्रीत काचा धुतलेलं पाणी टाकायला परसात गेले, तर माडाच्या बुंध्याशी मुंग्यांची ही रांग. वाकून पाहिलं. बुंध्याला पांढुरका चिकट थर होता. साखर घातलेलं डब्याचं दूध.

मागे वळले तर वहिनी उभी होती, हातात भरलेली बाटली.

"वन्सं, मी पाजतंय त्याका," ती म्हणाली. "दार लावून. पयल्या दिवसापासून. माका ऱ्हवाक नाय." मग तिचा आवाज अगदी खाली गेला. "खरा काय ता सांगा. माझा दूध त्याका बाधता काय?"

म्हणजे ही बाई रोज पोराला छातीशी घेत होती, आणि आपण त्याला विष तर देत नाही ना, या धास्तीने रोज मरत होती. मला एकदम हसू फुटलं आणि रडूही. मी तिला ओढतच पडवीत नेलं, मायक्रोस्कोपाला डोळा लावायला लावला. या बेचक्या तुझ्या दुधावर वाढल्यात, त्याच बाबूचं पोट राखतात, हे मी तिला इतक्या घाईने सांगितलं की मलाच धाप लागली. ती काचेवरून डोळा काढीना.

आईला मीच हाक मारली. दोन्ही काचा दाखवल्या आणि यातली शेवंतीच्या मुलीची कोणती, ते ओळखायला सांगितलं. आईने उलटसुलट दोनदा पाहिलं आणि एका काचेवर ठामपणे बोट ठेवलं. ती बाबूची होती.

मग मी सगळं सांगून टाकलं, माडाखालच्या मुंग्यांसकट. वहिनी खांबाला धरून उभी होती. आई आता आकांडतांडव करणार, म्हणून मी भांडायच्या तयारीनेच उभी राहिले. पण आई जमिनीवर बसली.

"मगे पयलो कशान गेलो?" तिने विचारलं.

"ता ह्या काचेत दिसणा नाय, आये."

तेवढ्यात आत बाबू रडायला लागला. वहिनी त्याला उचलून घेऊन आली आणि सवयीने बाटलीकडे वळली.

"ती बाटली ऱ्हवांदे, मथुरा," आई म्हणाली. तिने आपल्या शेजारची जागा पदराने झाडली. "हयच बस. माझ्या फुड्यात पाज त्याका."

वहिनी बसली, आणि त्या घरात पहिल्यांदाच दार न लावता तिने बाबूला पदराखाली घेतलं.