काळ्या कापडाची पट्टी

"झालं? यंत्र सुरू तरी होतं का?" जाळीचा मुखवटा निघताच झडतीमामांनी विचारलं. चेहरा हलू नये म्हणून तो पलंगाला पक्का अडकवत, पण मामांना त्यातही कावाच दिसे. मशीनवरची मुलगी म्हणाली, आजचा रेडिएशनचा डोस पूर्ण झाला. मामांना मात्र ना चटका बसला होता, ना काही टोचलं होतं. मनात पाल चुकचुकलीच.

कारखान्याच्या फाटकावर, सुटीच्या वेळी कामगारांची झडती घेण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. डब्याच्या तळाशी पितळ, बुटात तारेचं वेटोळं. नजर चुकवली की माणसाकडे काहीतरी आहे, हा त्यांचा नियम. उजव्या डोळ्याच्या खोबणीत लिम्फोमाची गाठ निघाली, तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, हा कॅन्सर सावकाश वाढणारा आहे, रेडिएशननं गाठ विरघळेल, नजर बहुतेक वाचेल. मामांनी बाकी सगळं सोडलं आणि तेवढा 'बहुतेक' धरून ठेवला.

आणि आता बायकोच नजर चुकवत होती. तिच्या कपाळाला टेंगूळ आलं होतं, बोट भाजलं होतं. विचारलं तर म्हणे, लक्ष नव्हतं. मामा खोलीत शिरले की घाईनं काहीतरी पिशवीत सरकवायची. कुठेतरी पाणी मुरत होतं. डोळा जाणार हे डॉक्टरांनी हिला एकटीला गाठून सांगितलंय, अशी त्यांची खात्रीच झाली.

त्या दुपारी ती आंघोळीला गेली आणि मामांनी पिशवी उलटी केली. किल्ल्या, रुमाल आणि काळ्या कापडाची, हातानं शिवलेली, डोळ्यावर बांधायची पट्टी. झडतीत काही सापडल्याचं त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच दुःख झालं.

ती बाहेर आली आणि पिशवी बघून थबकली.

"डॉक्टर काय म्हणाल्या ते खरं सांग."

"तुमच्यासमोर म्हणाल्या तेच. मला निराळं कोण सांगणार?"

"मग ही पट्टी?"

तिनं ती उचलून स्वतःच्या उजव्या डोळ्यावर बांधली. तिला ती नेमकी बसली.

"माझ्या मापाची आहे. उद्या वेळ आलीच, तर एका डोळ्यानं तुमचं कुठे अडेल ते बघत होते. चौकट आपटली, गॅसवर बोट भाजलं. तुम्हाला सांगितलं असतं तर म्हणाला असतात, हिनं आधीच डोळा घालवला."

मामा तसं म्हणालेच असते. त्यांना लाज वाटली, आणि तिच्याबद्दल माया दाटून आली.

तिनं चहा केला आणि किटली त्यांच्यापुढे ठेवली. "ओतणं सगळ्यात अवघड. अंतरच कळत नाही. किटलीचं तोंड कपाला टेकवायचं, मग ओतायचं."

मामांनी तिच्या डोळ्यावरची पट्टी सोडवून आपल्या सुजलेल्या डोळ्यावर अलगद धरली. पट्टीची नाडी त्यांच्या डोक्याला पुरेना, म्हणून तिनं मागे उभं राहून दोन्ही टोकं हातात धरली. मामांनी चाचपत किटलीचं तोंड तिच्या कपाला टेकवलं आणि ओतलं. थोडा चहा बशीत सांडला.