देवाने वाचलेला खडा

"डोर्सिला! फोन नंबराच्या शेवटी चार-सात-एक! आईचं नाव सेलिना!" प्रेषित एल्काना डोळे मिटून ओरडला आणि किसुमू शहरातल्या त्या मंडपातली दोन हजार माणसं किंचाळली. "नऊ वर्षं रक्तात साखर! डाव्या मूत्रपिंडात खडा! आत्ता विरघळला बघ! फेकून दे त्या सुया!"

डोर्सिला रडतच घरी आली आणि इन्सुलिनच्या बाटल्या तिने खरोखर कचऱ्यात टाकल्या. पायाच्या अंगठ्याची जखम आधीच काळी पडत चालली होती.

"अगं आई, जीव जाईल तुझा!" लेक अपोंदी कळवळून म्हणाली.

"खड्याचं मलासुद्धा ठाऊक नव्हतं. देवाशिवाय कोण सांगणार?"

तो खडा अपोंदीनेच घातला होता. दवाखान्यांच्या नोंदींचं ॲप तिनेच बनवलं होतं. ते तपासून बघताना तिने आईच्या नोंदीत खोटा खडा लिहिला आणि पुसायला विसरली. त्याहून वाईट म्हणजे, इतर प्रोग्रामरना माहिती घेता यावी म्हणून ठेवलेली खिडकी, जिला एपीआय म्हणतात, तिने बिनकुलपाची सोडली होती. वर 'माहिती सर्वांना खुली' असं भाषणही ठोकलं होतं. फोन नंबर टाका, आजार घ्या! आणि नंबर तर इथल्या प्रत्येक फाटकावर लोक आपल्या हातानेच वहीत लिहून देतात, तसे मंडपाच्याही फाटकावर देत होते. दुसऱ्यांची दुखणी चघळून जगणाऱ्या त्या माणसाची तिला शिसारी आली. स्वतःचीही आली.

त्याच संध्याकाळी तिने सगळ्या नोंदींना कुलूप लावलं. एकच उघडी ठेवली, तीही खोटी, स्वतःच्या नावाची. दुसऱ्या दिवशी आईला घेऊन ती सभेला गेली आणि फाटकावरच्या वहीत तिने आपला नंबर लिहिला.

आज देव प्रेषिताला काही सांगेना. घाम पुसत तो बराच वेळ नुसता हल्लेलुया म्हणत राहिला. मग एकदम खुलला. "अपोंदी! उजवा पाय कापलेली लेक! ये, देव तुला चालवतोय!"

अपोंदी मंचावर चढली, बूट काढले आणि दोन्ही पायांवर उड्या मारल्या. "पाय कापलाच नव्हता! काल मी कॉम्प्युटरवर थाप लिहिली, आज यांच्या देवाने वाचली. आईचा खडाही माझीच थाप!"

"सैतान! धरा हिला!" प्रेषित ओरडला.

तिने त्याच्या कानात लपवलेलं ऐकायचं यंत्र ओढून माइकला लावलं. आतून बारीक आवाज आला, "पुढचं कुणाचंच सापडत नाही, साहेब. सगळं बंद झालंय."

मंडपातली एक बाई उभी राहिली. "माझा आजार मी नवऱ्यालाही सांगितला नव्हता. तो या लोकांनी वाचला?"

"वाचला असेल," अपोंदीची मान खाली गेली. "दार मी उघडं टाकलं होतं. यापुढे कुणी तुमच्या मनातलं सांगितलं, तर पाया पडू नका. कुठून वाचलंस, ते विचारा. आणि माझ्यासारखीने तुमची माहिती मागितली, तर ती कुणाकुणाला दिसणार, तेही विचारा."

डोर्सिला लंगडत मंचाजवळ आली.

"आधी या सगळ्यांची माफी माग," ती म्हणाली. "मग माझी सुई दे."