डाव्या सीटची ऊब

आता कल्याणात, भर वैशाखात, मोटारीत बसणाऱ्याचे पाय शेकायला हीटर कशाला हवा, हे तुम्हीच सांगा! दौलतही त्या दिवशी मनापासून हसला होता. विठ्ठलवाडीच्या रस्त्यालगत त्याची पत्र्याची शेड होती. लढाईच्या दिवसांत लष्कराच्या छावणीत ट्रक दुरुस्त करता करता तो हे काम शिकला आणि छावणी रिकामी झाल्यावर इथंच राहिला. डोंबिवलीचे त्र्यंबकराव वकील मायदेशी परतणाऱ्या एका साहेबाकडून घेतलेली जुनी, लांब नाकाची, दोघांपुरती स्पोर्ट्स गाडी घेऊन आले आणि घाम पुशीत म्हणाले, "दौलत, डाव्या बाजूला पायाशी पाणी साचतं रे. आमच्या हिच्या चपला सदा ओल्या."

दौलत आडवा होऊन डॅशबोर्डखाली शिरला. इंजिनातलं कढत पाणी दोन रबरी नळ्यांवाटे ज्या छोट्या पितळी जाळीतून फिरतं, ती हीटरची जाळीच कुजली होती. गळती बुजवायला इतक्या वेळा डाग दिलेली, की मूळ पितळ कमी आणि डागच जास्त. पण त्याला नवल वाटलं ते निराळंच. पाण्याची चावी पुरती उघडून तांब्याच्या तारेनं करकचून बांधली होती, कुणी चुकूनही बंद करू नये अशी. आणि डाव्या सीटपुढं लाकडाचा एक ठोकळा स्क्रूनं पक्का बसवलेला, ज्याचे पाय खाली पोचत नाहीत त्याला टेकवायला असावा तसा.

"हे काय, साहेब?"

"आली तशीच आहे. मी कशाला हात लावतोय?"

नवी जाळी घडवून द्यायला तांबटाला वेळ लागणार होता. तोवर गाडी अडकवून कशाला ठेवायची, म्हणून दौलतनं तार तोडली, जाळी उचकटली आणि दोन्ही नळ्या एकमेकींना जोडून टाकल्या. इकडं सगळेच तसं करत. गारठा आहे कुठं?

आता दौलतची एक रीत होती, त्याच्या उस्तादानं घालून दिलेली: दुरुस्त झालेल्या गाडीत पहिली चक्कर घरच्या लक्ष्मीची. त्याच्या बायकोला, शेवंतीला, सातवा महिना. आधीची दोन पोटातच गेलेली, म्हणून तिला सगळं घर तळहातावरच्या फोडासारखं जपत होतं. आईनं दारातूनच हटकलं, "अरे मेल्या, दिवेलागण झाली! पोटुशी बाई अशा वेळी उंबऱ्याबाहेर काढतात का?"

"काही होत नाही, आई. हा गेलो नि हा आलो."

मानपाड्याच्या वाटेला लागेपर्यंत शेवंती खुशीत होती, राणीसारखी बसलेय म्हणत होती. मग तिनं हळूच पाय वर ओढून घेतले.

"अहो, पायाला गार लागतंय."

"वारा असेल."

"वारा नाही. ओलं आहे."

तसाच माघारी वळून, घराच्या दारात गाडी थांबवून दौलतनं कंदील आत धरला. नळ्या ठणठणीत कोरड्या. पण ठोकळ्यावर पावलांचे दोन ओले ठसे होते, पाच-पाच बोटांसकट, आणि शेवंतीचं पाऊल त्यांच्या दुप्पट भरलं असतं. त्यानं बोट लावलं. पाणी विहिरीच्या तळासारखं गार होतं. त्यानं सदऱ्याच्या बाहीनं ठसे पुसले.

त्या दिवसापासून शेवंतीचे पाय तापेनात. बाहेर डांबर वितळत होतं आणि ही गोधडी घेऊन चुलीपाशी बसलेली. डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून औषध दिलं, आईनं विटा तापवून शेक दिला. पोटातलं पोर हलेनासं झालं. हेही गेलं तर?

तो तांबटाच्या दारात ठाण मांडून बसला, जाळी घडवून घेतली, वकिलांकडून गाडी परत आणून ती हीटरमध्ये बसवली, चावी पुरती उघडली आणि नव्या तारेनं वेढ्यावर वेढे देऊन बांधली. मग इंजिन चालू ठेवून रणरणत्या दुपारी त्या भट्टीत एकटाच बसून राहिला. अंगातून घामाच्या धारा लागल्या.

"ये बाबा," तो शेजारच्या रिकाम्या सीटला म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला ओळखू येईना. "ये, बस इथं. चुकलो मी. ऊब आहे बघ, पाय शेक."

ठोकळा कोरडाच राहिला. त्यानं पुन्हा पुन्हा हात लावून पाहिला. उन्हं कलली, त्र्यंबकराव आले, वाकून आत पाहिलं आणि खूश झाले.

"वा, दौलत! आता कसं खडखडीत कोरडं!"

दौलत घरी पळतच आला. दारात आईनं त्याच्या हातावर गूळ ठेवला. तिचे डोळे भरून आले होते. आत शेवंती भिंतीला टेकून बसली होती, गालांवर रंग चढला होता. त्यानं आधी तिचे पाय चाचपले. ऊबदार होते, किती दिवसांनी! त्याला रडूच फुटलं.

"दुपारपासून नुसतं नाचतंय मेलं," शेवंती हसत म्हणाली आणि त्याचा हात धरून तिनं आपल्या पोटावर ठेवला.

लुगड्याखाली पोट भरल्या माठासारखं गार होतं. आतून एका पावलानं त्याच्या तळव्याला नेमकं दाबलं, आणि मग दुसऱ्यानं.

शेवंतीनं उशाची गोधडी ओढली.

"अगं, तुला अजून थंडी वाजतेय?"

"मला नाही हो," ती गोधडी पोटाभोवती नीट खोचत लाडानं म्हणाली, "ह्याला."